बाबांचं बायपास : पंपावर की बीटिंग हार्ट? दोन सर्जन, दोन मतं

पूर्वा_डोंबिवली

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, लिहायची ही पहिलीच वेळ. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

बाबा ६७ वर्षांचे. बेस्टमध्ये कंडक्टर होते, नऊ वर्षांपूर्वी निवृत्त झाले. शुगर वीस वर्षांची, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ९.४, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) १.६. दिवाळीपासून स्टेशनचा पूल चढताना मध्येच थांबायचे आणि खिशातून मोबाईल काढून बघत उभे राहायचे. आईला वाटलं व्हॉट्सॲपचं वेड लागलं. छातीत दाटतंय म्हणून थांबतात, हे त्यांनी दोन महिने कुणाला सांगितलंच नाही.

मागच्या मंगळवारी उजव्या मनगटातून अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या धमन्यांपैकी पुढची एलएडी सुरुवातीलाच ९० टक्के अडलेली, मागची ओएम ८० टक्के, उजवी आरसीए पूर्ण बंद. लेफ्ट मेन (डावी मुख्य धमनी) ठीक आहे. टूडी एकोमध्ये ईएफ (हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त ढकलतं ते) ४५.

परळला दाखवलं तिथले सर्जन म्हणाले, बीटिंग हार्ट करू, हृदय थांबवायचंच नाही, हीच मॉडर्न पद्धत. ठाण्याचे सर्जन म्हणाले, मी पंपावर, म्हणजे हार्ट-लंग मशीनवर घेईन, हृदय शांत असलं की टाके नीट बसतात. दोघंही नावाजलेले, दोघंही ठाम. मधे आमचे जिजाजी : तीन स्टेंट टाका, चौथ्या दिवशी माणूस घरी, छाती कशाला फाडायची? आणि बाबांचं वेगळंच, "बायपास दहा वर्षं टिकतं म्हणे, मग सत्त्याहत्तराव्या वर्षी परत आडवा होऊ का?"

आम्ही ठरवायचं कसं? डॉक्टरांना नक्की काय विचारायचं तेही कळत नाहीये. समोर बसलं की डोकं रिकामं होतं.


ठाणेकर_अजूनही

आधी पॅकेजमध्ये काय काय धरलंय ते लेखी घ्या. आयसीयूचा एक दिवस वाढला की आकडा कुठल्या कुठे जातो, आमच्या काकांच्या वेळी गेला होता. मेडिक्लेम नसेल तर महात्मा फुले योजनेत बायपास बसतं, ज्या हॉस्पिटलात जाल तिथे आरोग्यमित्र कुठे बसतो ते आधी विचारा. वैद्यकीय बाजू जाणकार सांगतील.


पंपवाली_मुलुंड

पूर्वा, मी डॉक्टर नाही. मी पर्फ्युजनिस्ट होते, म्हणजे हार्ट-लंग मशीन चालवणारी. २८ वर्षं ऑपरेशन टेबलाशेजारी स्टुलावर बसून लोकांचं रक्त फिरवलं. सर्जनच्या हातांकडे इतकी वर्षं बघितलेली बाई म्हणून माझं ऐक, शेवटचा शब्द तुझ्या डॉक्टरांचाच.

"मॉडर्न" हा शब्द आधी डोक्यातून काढून टाक. बीटिंग हार्ट जुनंच आहे. लेनिनग्राडच्या कोलेसॉव्ह नावाच्या सर्जननी १९६४ साली छातीतली धमनी हृदयाच्या धमनीला जोडली तेव्हा मशीन नव्हतंच लावलं. पुढे १९६७ मध्ये क्लीव्हलँडला फावालोरोंनी पायाची शीर वापरून हे ऑपरेशन रुळवलं आणि हळूहळू सगळं जग पंपावर गेलं. कारण साधं आहे. दीड-दोन मिलिमीटरची नळी, केसाहून बारीक दोरा, आणि खालचं हृदय मिनिटाला सत्तर वेळा उडतंय. थांबवलेलं बरं, असं कुणालाही वाटणार.

पंपावर काय होतं ते सांगते, म्हणजे भीती थोडी कमी होईल. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात. मग आम्ही एसीटी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासायचो. ते ४८० सेकंदांच्या वर गेल्याशिवाय मी पंप सुरू करत नसे, सर्जन कितीही घाई करोत. हृदयात येणारं रक्त नळीने मशीनकडे येतं, तिथे ऑक्सिजन मिळतो, परत महाधमनीत जातं. महाधमनीला चिमटा लावून पोटॅशियमचं द्रावण हृदयात सोडलं की मॉनिटरवरची रेघ सपाट होते. पहिल्यांदा ती रेघ बघितली तेव्हा माझे हात गार पडले होते. नंतर इतकी सवय झाली की सपाट रेघेकडे बघत घरच्या भाजीचा विचार करायचे, खोटं कशाला बोलू. काम संपलं की चिमटा काढायचा, गरम रक्त हृदयात शिरतं आणि ते बहुतेक वेळा आपणहून धडधडायला लागतं.

तोटेही आहेत. रक्त पातळ होतं, प्लास्टिकच्या नळ्यांतून फिरल्यामुळे अंगाला सूज येते, किडनीवर ताण पडतो. महाधमनी आतून चुन्यासारखी कडक झालेली असेल तर चिमट्याने एखादा कण सुटून मेंदूकडे जाऊ शकतो.

बीटिंग हार्टमध्ये, जिथे टाका घालायचा तेवढीच जागा ऑक्टोपस नावाच्या साधनाने धरून ठेवतात. त्याला ओढून धरणारे छोटे पाय असतात, म्हणून ते नाव. पुढची एलएडी सोपी. पण तुझ्या बाबांची ओएम हृदयाच्या डाव्या बाजूला मागे येते. तिथे पोचायला हृदय उचलून फिरवावं लागतं, आणि फिरवलं की बीपी खाली येतो. त्या दहा मिनिटांत भूल देणारे डॉक्टर सर्जनइतकेच महत्त्वाचे. आणि हो, बीटिंग हार्टलाही आम्ही कोपऱ्यात मशीन मांडून तयार बसायचो. बहुतेक वेळा चहा प्यायला मोकळ्या. पण मधेच बीपी कोसळून "पंपावर घ्या" अशी हाक आली, त्या केसेस माझ्या आठवणीतल्या सगळ्यात वाईट. ठरवून पंपावर जाणं वेगळं आणि पळत जाणं वेगळं.

आता निकाल. कॉरोनरी नावाचा मोठा अभ्यास झाला, १९ देश, ४७५२ रुग्ण, त्यात आपल्याकडचेही. बीटिंग हार्टवाल्यांना रक्त कमी चढवावं लागलं, रक्तस्रावासाठी पुन्हा टेबलावर घेणं कमी झालं, सुरुवातीला किडनीला धक्का कमी बसला. पण पाच वर्षांनी मृत्यू, हार्ट अटॅक, स्ट्रोक, किडनी निकामी होणं, पुन्हा स्टेंट किंवा बायपास, सगळं मिळून एका गटात २३.१ टक्के आणि दुसऱ्यात २३.६. म्हणजे सारखंच. किडनीचा सुरुवातीचा फायदाही वर्षभराने दिसेनासा झाला. आणि अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या रूबी अभ्यासात पाच वर्षांत बीटिंग हार्टवाले १५.२ टक्के दगावले, पंपवाले ११.९. दोन अभ्यासांत फरक का? कॉरोनरीत त्या पद्धतीच्या शंभराहून जास्त केसेस केलेलेच सर्जन घेतले होते. रूबीत वीस केसेस केलेले चालत होते. एवढ्यात समजून घे.

म्हणून परळवाल्यांना विचार, तुमच्या शंभरातल्या किती बायपास बीटिंग हार्टवर होतात, आणि मधेच पंपावर न्यायची वेळ किती वेळा येते? ठाणेवाल्यांना विचार, क्रिएटिनिन १.६ असताना किडनीसाठी काय काळजी घेता? जो सर्जन रोज जे करतो तेच त्याच्याकडून करून घ्यावं. बीटिंग हार्टवाल्याकडून हट्टाने पंप करून घेऊ नये आणि उलटही नको.

पण खरं सांगू? तुम्ही चुकीच्या प्रश्नावर भांडताय. पंप की बिनपंप याने जेवढं बदलतं त्याहून जास्त बदलतं ते कुठली नळी कुठे लावतात याने. छातीच्या हाडामागे डाव्या बाजूला एक धमनी असते, थिएटरमध्ये तिला लिमा म्हणतात. तिचं वरचं टोक जागेवरच ठेवून खालचं टोक एलएडीला जोडतात. ती धमनीच असल्याने दाब सोसायची तिला सवय असते, दहा वर्षांनीही शंभरातल्या नव्वदहून जास्त चालू असतात. पायाची शीर मुळात शीर. धमनीचा दाब तिच्यावर आला की आतून जाड होत जाते, आणि दहा वर्षांत साधारण निम्म्या बंद पडतात किंवा खराब होतात. बाबांचं "दहा वर्षं" तिथून आलंय. ते पायाच्या शिरेचं आयुष्य आहे, अख्ख्या बायपासचं नाही. तुझा पहिला प्रश्न हा असू दे : एलएडीला लिमा लावणार ना? जवळजवळ प्रत्येक सर्जन हो म्हणेल, पण तू विचार.

कुणी म्हणेल, मग सगळ्याच धमन्या वापरा. उजवी छातीतलीही घेता येते. पण तुझे बाबा मधुमेही. दोन्ही बाजूंच्या धमन्या काढल्या की छातीच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम चिघळायची भीती वाढते. एआरटी नावाच्या अभ्यासात एक धमनी विरुद्ध दोन अशी दहा वर्षं तुलना केली. मृत्यूत फरक पडला नाही, पण छातीच्या जखमेच्या तक्रारी १.९ वरून ३.५ टक्क्यांवर गेल्या. ९.४ एचबीएवनसीवर मी तरी त्या वाटेला जायला सांगणार नाही. हाताच्या धमनीचे निकाल पायाच्या शिरेपेक्षा चांगले आहेत. पण उजव्या मनगटातून अँजिओ झालीय, नळी त्याच धमनीतून गेलीय, म्हणजे ती बाद. उरली डावी. आणि इथे एक गोष्ट घाईत राहून जाते : क्रिएटिनिन १.६ आहे. देव न करो, पण उद्या डायलिसिसची वेळ आली तर फिस्टुलासाठी (डायलिसिसकरता हातात धमनी आणि शीर जोडतात त्यासाठी) तीच हाताची धमनी लागते. डावा हात वापरणार असं म्हणाले तर हे आवर्जून विचार. बाबांना लिमा आणि पायाच्या दोन शिरा, हेच बहुधा ठरेल, आणि ते वाईट नाही. पायाची शीर दुर्बिणीने काढणार का तेही विचार. मधुमेह्याला पायावरचा लांब चिरा फार त्रास देतो.

जिजाजींना सांग, फ्रीडम नावाचा १९०० मधुमेही रुग्णांचा अभ्यास आहे, एकाहून जास्त धमन्या अडलेले. पाच वर्षांत स्टेंटवाल्यांपैकी १६.३ टक्के गेले, बायपासवाल्यांपैकी १०.९. स्ट्रोक मात्र बायपासमध्ये जास्त होते, ५.२ विरुद्ध २.४, हेही लपवू नको त्यांच्यापासून. तेव्हाचे स्टेंट आजच्यापेक्षा जुने होते हेही खरं. तरी वीस वर्षांची शुगर आणि तीन धमन्या म्हटल्यावर पारडं बायपासकडे झुकतं.

अँजिओच्या डायने क्रिएटिनिन वर गेलेलं असू शकतं, ऑपरेशनआधी परत तपासायला सांगा. शुगरच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन असेल तर आधीच सांगा, ती काही दिवस आधी थांबवतात. क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू असेल तर साधारण पाच दिवस आधी बंद होते, पण ती डॉक्टरांनी सांगितल्याच दिवशी, आपल्या मनाने नाही. एचबीएवनसी दोन आठवड्यांत खाली येत नाही, त्यासाठी ऑपरेशन लांबवत बसू नका. रोजची शुगर आटोक्यात आणायची, इन्सुलिनला घाबरायचं नाही.

फार लिहिलं. संध्याकाळचा कुकर लावायचा राहिलाय.


लालबागचा_नाना

पोरी, मी २०१३ चा. वय तेव्हा ६०, तीन ग्राफ्ट (म्हणजे जोडलेल्या नळ्या), पंपावर. पंपवालीबाईंनी आतलं सांगितलं, मी बाहेरचं सांगतो.

छाती दुखेल म्हणून घाबरलो होतो. दुखला तो पाय! घोट्यापासून मांडीपर्यंत चिरा, मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. शुद्धीवर आलो आणि पायाला पट्ट्या बघून नर्सला म्हटलं, सिस्टर, पायाला काय केलंत, माझं तर हृदयाचं होतं. सगळा वॉर्ड हसला. तेव्हा बाबांना आधीच सांगून ठेवा.

तिसऱ्या रात्री छातीत एकदम फडफड. मला वाटलं, संपलं. डॉक्टर म्हणाले, एएफ आहे, म्हणजे ठोके अनियमित झालेत, बायपासनंतर पुष्कळांना होतं, दोन-चार दिवसांत बसतं. औषध दिलं, बसलं. पण आधी ठाऊक असतं तर त्या रात्री मी मनातल्या मनात मृत्युपत्र केलं नसतं.

तीन बॉलचं एक खेळणं देतात, फुंकायचं नाही, आत ओढायचं. कंटाळा येतो पण न्यूमोनिया टळतो. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची. छातीचं हाड तारांनी बांधलेलं असतं, भरून यायला सहा-आठ आठवडे लागतात. तोवर पाण्याची बादली नाही, गॅसचा सिलिंडर नाही, लोकलचा दांडा धरून लटकणं तर नाहीच. कंडक्टर होते म्हणता, दांडा धरायची सवय असेल, सांभाळा. आमची चाळ, तिसरा मजला, लिफ्ट नाही. फिजिओथेरपीच्या मुलीने हॉस्पिटलातच जिने चढवून बघितले मग सोडलं. घरी आलो तो गणपतीच्या तोंडावर. दाराशी ढोलाचा सराव आणि मला उताणं झोपायचं. ती झोप तुम्हाला सांगत नाही.

अजून एक, जे पुरुष सांगत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कारण नसताना रडू यायचं. बायकोने डाळ वाढली तरी डोळे भरून यायचे. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, असं पुष्कळांचं होतं, लांबलं तर या. महिन्याभरात गेलं. आणि छातीची डावी बाजू अजून बधिर आहे. लिमा काढतात तिथली.

दहा वर्षांचं म्हणाल, तर माझी पायाची एक शीर आठव्या वर्षी बंद झाली, स्टेंट टाकला. लिमा टणटणीत. बाबांना मनमोहन सिंगांचं सांगा. पहिलं बायपास १९९० मध्ये विलायतेत, दुसरं २००९ मध्ये दिल्लीला एम्समध्ये, आणि ते करायला आपल्या मुंबईचे रमाकांत पांडा गेले होते. त्यानंतर माणसाने पंतप्रधानकी केली आणि २०२४ मध्ये ९२ व्या वर्षी गेले. आपण काय, बसची घंटीच वाजवायची ना.


निसर्गमित्र_विलेपार्ले

कापाकापीची घाई करू नका. तीन महिने तेल-तूप-मीठ पूर्ण बंद, सकाळी दुधीचा रस. ब्लॉकेज विरघळतात. माझ्या ओळखीत तिघांचे विरघळले.


पंपवाली_मुलुंड

दादा, त्या तिघांची आधीची आणि नंतरची अँजिओग्राफी टाका, बघू. मी २८ वर्षांत या धमन्या उघड्या बघितल्यात. काही ठिकाणी चुना इतका की सुई आत जात नाही, सर्जन वाकडं तोंड करून जागा बदलतो. तो दुधीने विरघळत नाही. आणि दुधी कडू निघाला तर लगेच थुंका, कडू दुधीच्या रसाने माणसं गेलेली आहेत. पथ्य जरूर करा. ते ऑपरेशननंतरही करायचंच आहे, ॲस्पिरिन आणि स्टॅटिनच्या जोडीला.


पूर्वा_डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार. वहीत लिहून दोघांकडे परत गेले.

परळच्या सर्जननी आधी माझ्याकडे नीट बघितलं, मग वही मागून घेतली. म्हणाले, माझ्या शंभरातल्या नव्वदच्या वर केसेस बीटिंग हार्टच असतात, मागच्या वर्षी दोनदा मधे पंपावर न्यावं लागलं. दोन्ही वेळा काय झालं तेही सांगितलं. लिमा एलएडीला, बाकी दोन्हीकडे पायाची शीर, दुर्बिणीने. डाव्या हाताचं मी विचारायच्या आधीच तेच म्हणाले, किडनी बघता हात राखून ठेवू. ठाण्याचे सर्जनही चांगलेच बोलले, पण प्रश्न विचारल्यावर "माझ्यावर विश्वास नाही का?" असं म्हणाले, ते बाबांना खटकलं. कंडक्टरला सुट्टे मागितलेले चालतात, पण दरडावलेलं चालत नाही.

पुढच्या गुरुवारची तारीख मिळालीय. क्रिएटिनिन परत केलं, १.४ आलं. इन्सुलिन सुरू झालं. रक्तदाते चार सांगितलेत, डेपोतल्या जुन्या मित्रांनी आठ जण उभे केले. एक सांगायचं राहिलं होतं, बाबा तंबाखू मळतात. पुडी आईने गॅलरीतून टाकली, दुसरी कुठे आहे ते फक्त त्यांनाच ठाऊक.


लालबागचा_नाना

दुसरी देवघरामागे असते. माझी तिथेच होती.


पूर्वा_डोंबिवली

पाच आठवड्यांनी लिहितेय. तीन ग्राफ्ट, बीटिंग हार्ट, पंप लागला नाही. आठव्या दिवशी घरी. एएफ दुसऱ्या रात्री आलं, पण नानांमुळे आम्ही कुणीच रडलो नाही. बाबांनीच नर्सला विचारलं, "हे ते फडफडीचं का?" पुडी देवघरामागेच सापडली.

एकच विचारायचंय. ज्या पायातून शीर काढली तो घोट्यापाशी संध्याकाळी सुजतो, सकाळी उतरतो. गुडघ्याजवळच्या टाक्यातून काल थोडं पाणी आलं. ताप नाही. पुढची तपासणी सोमवारी आहे, तोवर थांबू का?


पंपवाली_मुलुंड

संध्याकाळची सूज बहुतेकांना येते. बसताना पाय उशीवर वर ठेवायला सांग, आणि डॉक्टरांनी मोजे दिले असतील तर दिवसभर घालायचे. पण टाक्यातून पाणी आणि घरात मधुमेह, यावर सोमवारपर्यंत थांबू नको. उद्या सकाळी ड्रेसिंगच्या ओपीडीत दाखव. जाताना शुगरची वही बरोबर ने, तेच पहिलं विचारतील.